अमली पदार्थांचे सेवन : गुन्हा की आजार? – वसई-विरार परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश :
अमली पदार्थांचे वैयक्तिक सेवन गुन्ह्याच्या कक्षेतून वगळावे काय, हा प्रश्न जगभर चर्चिला जात आहे. भारतात ही चर्चा बहुधा 'बंदी हवी की मोकळीक हवी' अशा दोन टोकांमध्ये अडकून पडते. प्रस्तुत लेखात संबंधित संज्ञांमधील भेद, भारतीय कायद्यातील तरतुदी, महाराष्ट्राचा दारूबंदीचा अनुभव आणि परदेशांतील प्रयोग यांचा आढावा घेण्यात आला आहे. सेवन करणाऱ्याला शिक्षेऐवजी उपचारांकडे वळविण्याचे मार्ग कायद्यात आजही आहेत. मात्र उपचारांची व्यवस्था जवळ नसेल तर केवळ शिक्षा काढून टाकल्याने प्रश्न सुटत नाही, हा या विवेचनाचा निष्कर्ष आहे.

बीजसंज्ञा : अमली पदार्थ, एनडीपीएस कायदा, वैयक्तिक सेवन, अल्प प्रमाण, व्यसनमुक्ती, वसई-विरार.

प्रस्तावना :
पश्चिम रेल्वेने मुंबईकडून विरारकडे जाताना भाईंदर मागे पडले की वसईची खाडी लागते आणि खाडी ओलांडताच नायगाव येते. मिठागरे, कोळीवाडे आणि शेती ही या परिसराची जुनी ओळख. गेल्या काही दशकांत मात्र मुंबईत घर न परवडणाऱ्या नोकरदार व कष्टकरी कुटुंबांनी या पट्ट्यात मोठ्या संख्येने वस्ती केली. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका, १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा आणि ऑक्टोबर २०२० मध्ये मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय अस्तित्वात आले. शहर वाढले, त्याबरोबर शहराचे प्रश्नही आले. ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी पथकाने नालासोपारा येथून ७०० किलोहून अधिक मेफेड्रोन जप्त केले. त्याची किंमत सुमारे १४०० कोटी रुपये सांगण्यात आली. या घटनेनंतर 'एमडी' हे नाव या परिसरातील घराघरांत पोहोचले.

अशा कारवाईचे स्वागत होणे स्वाभाविक आहे. परंतु शेकडो किलोंचा साठा करणारा आणि खिशात एक पुडी बाळगणारा तरुण या दोघांना एकाच कायद्याच्या चौकटीत पाहावे काय, हा प्रश्न त्यामागे उरतो. मुलाच्या वागण्यातील बदल आईवडिलांच्या लक्षात येतो, पण डॉक्टरांकडे जावे तर बभ्रा होईल, पोलिसांत जावे तर गुन्हा दाखल होईल, या भीतीने कुटुंब गप्प बसते. निरपराधीकरणाच्या चर्चेत खऱ्या अर्थाने पणाला लागलेली गोष्ट म्हणजे ही गप्प बसण्यात गेलेली वेळ होय.

संज्ञांचा अर्थ :
या विषयावरील बराचसा वाद शब्दांच्या सरमिसळीतून निर्माण होतो. म्हणून तीन संकल्पना वेगळ्या करणे आवश्यक आहे.

पहिली संकल्पना कायदेशीर मान्यतेची. यात पदार्थाचे उत्पादन, विक्री व सेवन या सर्वांना नियमांच्या अधीन राहून परवानगी मिळते. उरुग्वेने २०१३ मध्ये आणि कॅनडाने ऑक्टोबर २०१८ मध्ये गांजाबाबत हा मार्ग स्वीकारला. दुसरी संकल्पना निरपराधीकरणाची. यात उत्पादन व विक्री हे गुन्हेच राहतात. मात्र स्वतःच्या सेवनासाठी अल्प प्रमाणात पदार्थ बाळगणे हा फौजदारी गुन्हा मानला जात नाही. त्यावर दंड, समुपदेशन किंवा उपचार अशी प्रशासकीय उपाययोजना होऊ शकते. तिसरी संकल्पना शिक्षा सौम्य करण्याची. यात कृती गुन्हाच राहते, परंतु तुरुंगवासाऐवजी अन्य पर्याय दिला जातो.

'सेवन गुन्हा नसावा' असे म्हणणारा प्रत्येक जण 'विक्री मोकळी करा' असे म्हणत नाही. भारतीय कायद्यातच याचे एक उदाहरण आहे. आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ अन्वये गुन्हा होता. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ ने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरण्याची तरतूद केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पूर्वीचे कलम ३०९ त्या स्वरूपात उरले नाही. त्यामुळे शासनाने आत्महत्येला मान्यता दिली असे कोणीही म्हणणार नाही. शासनाने त्या व्यक्तीकडे आरोपी म्हणून न पाहता रुग्ण म्हणून पाहण्याचे ठरविले, एवढाच त्याचा अर्थ.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
कोणता पदार्थ निषिद्ध आणि कोणता मान्य, ही रेषा इतिहासात अनेकदा सरकली आहे. ब्रिटिश पार्लमेंटमध्ये उपस्थित झालेल्या प्रश्नानंतर १८९३ मध्ये भारतीय भांग-गांजा आयोग (इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन) नेमण्यात आला. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते. सात सदस्यांच्या या आयोगाने १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे विचारात घेतले. मर्यादित सेवनाचे दुष्परिणाम नगण्य आहेत, अतिसेवन घातक आहे, म्हणून संपूर्ण बंदीऐवजी कर व परवान्यांद्वारे नियंत्रण ठेवावे, असे मत आयोगाने १८९४ च्या अहवालात मांडले. या शिफारशीमागे महसुलाचा विचार नव्हता असे म्हणता येणार नाही. तथापि त्या काळातील इतका व्यापक अभ्यास दुसरा आढळत नाही.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ ने मादक पेये व आरोग्यास अपायकारक अमली द्रव्ये यांच्या सेवनावर, औषधी उपयोग वगळता, बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे मार्गदर्शक तत्त्व घालून दिले. १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात भारत सहभागी झाला. त्या करारात भांगेच्या पानांचा समावेश 'कॅनाबिस'च्या व्याख्येत नव्हता. गांजाचा वैद्यकेतर वापर थांबविण्यासाठी २५ वर्षांपर्यंतची मुदत होती. त्यानंतर संसदेने गुंगीकारक औषधीद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ (एनडीपीएस कायदा) संमत केला आणि तो १४ नोव्हेंबर १९८५ पासून अमलात आला. एकाच वनस्पतीची पाने या कायद्याच्या व्याख्येबाहेर राहिली, तर तिचा फुलोरा म्हणजे गांजा आणि राळ म्हणजे चरस हे त्याच्या कक्षेत आले. त्याचप्रमाणे मेफेड्रोनचा समावेश या कायद्यात फेब्रुवारी २०१५ मध्ये झाला. तोपर्यंत त्याचे सेवन या कायद्याखाली गुन्हा नव्हते. पदार्थ तोच राहिला, बदलली ती कायद्याची यादी. यावरून सर्व पदार्थ सारखेच निरुपद्रवी ठरत नाहीत. मात्र 'गुन्हा' हा शब्द अपायाचे मोजमाप नव्हे, हे लक्षात येते.

सद्यःस्थितीतील कायदेशीर तरतुदी :
२००१ च्या दुरुस्तीने शिक्षेची सांगड पदार्थाच्या वजनाशी घालण्यात आली. 'अल्प प्रमाण' आणि 'व्यापारी प्रमाण' अशा दोन मर्यादा ठरविण्यात आल्या. गांजासाठी त्या अनुक्रमे १ किलो व २० किलो, चरससाठी १०० ग्रॅम व १ किलो, हेरॉइनसाठी ५ ग्रॅम व २५० ग्रॅम, तर मेफेड्रोनसाठी २ ग्रॅम व ५० ग्रॅम अशा आहेत. व्यापारी प्रमाणासाठी किमान दहा वर्षे सक्तमजुरीची शिक्षा आहे आणि कलम ३७ नुसार जामीन मिळणे अत्यंत कठीण असते. अल्प प्रमाणासाठी एक वर्षापर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद २०१४ च्या दुरुस्तीनंतर आहे. प्रत्यक्ष सेवनासाठी कलम २७ लागू होते. कोकेन, मॉर्फिन, हेरॉइन यांसारख्या पदार्थांसाठी एक वर्षापर्यंत कारावास किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, आणि इतर पदार्थांसाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे.

या रचनेत काही विसंगती दिसून येतात. पहिली विसंगती अशी की गांजा ओढण्यास सहा महिन्यांपर्यंत शिक्षा, परंतु तो ओढण्यासाठी जवळ बाळगण्यास एक वर्षापर्यंत. दुसरी विसंगती वजनाच्या निकषातील आहे. कायदा पदार्थ किती आहे हे पाहतो, तो कशासाठी आहे हे पाहत नाही. किलोभर गांजा हा एका व्यक्तीच्या सेवनासाठी खूपच अधिक आहे. म्हणजे किरकोळ विक्रेता आणि सेवन करणारा हे दोघेही 'अल्प प्रमाण' या एकाच खान्यात बसतात. त्यातच सर्वोच्च न्यायालयाने हिरा सिंग प्रकरणात (२०२०) मिश्रणातील शुद्ध अंशाऐवजी संपूर्ण मिश्रणाचे वजन विचारात घ्यावे असा निर्णय दिला. मेफेड्रोनची मर्यादा केवळ २ ग्रॅम असल्याने भेसळयुक्त पुडी बाळगणारा तरुण सहज वरच्या खान्यात ढकलला जातो. तिसरी विसंगती जामिनाची. अल्प प्रमाणाचा गुन्हा जामीनपात्र आहे असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्टीफन म्युलर प्रकरणात म्हटले होते. ऑक्टोबर २०२० मध्ये त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात या कायद्याखालील सर्व गुन्हे अजामीनपात्र असल्याचे मत दिले.

याच कायद्यात उपचारांची दारेही आहेत. कलम ३९ नुसार न्यायालय दोषी ठरलेल्या व्यसनाधीन व्यक्तीला तिच्या संमतीने उपचारांसाठी पाठवू शकते. कलम ६४-अ नुसार सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनाधीन व्यक्ती शासकीय अथवा मान्यताप्राप्त संस्थेत स्वेच्छेने उपचार घेत असेल तर तिच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेता येते. तथापि या तरतुदीचा लाभ 'व्यसनाधीन' व्यक्तीलाच आहे. मित्रांच्या संगतीने एकदोनदा सेवन केलेला विद्यार्थी व्यसनाधीन नसतो, म्हणून त्याला हे दार बंद राहते. ज्याचा आजार कमी त्याला संरक्षणही कमी, असा हा विचित्र न्याय आहे.

शिक्षेचा भार कोणावर? :
राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात या कायद्याखाली एक लाखाहून अधिक गुन्हे नोंदविले गेले आणि सर्वाधिक गुन्हे नोंदविणाऱ्या राज्यांत महाराष्ट्राचा समावेश होता. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने २०२० मध्ये मुंबईतील २०१७ व २०१८ या वर्षांच्या प्रकरणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील बहुतांश प्रकरणे वैयक्तिक सेवनाची आणि त्यांतही प्रामुख्याने गांजाची होती. पकडले गेलेल्यांत रोजंदारीवर काम करणारे आणि झोपडपट्टीत वा रस्त्यावर राहणारे लोक ठळकपणे दिसून आले. बंद दाराआड सेवन करणाऱ्यापेक्षा ज्याला बंद दारच नाही तो पोलिसांच्या नजरेस आधी पडतो, हे त्यामागील साधे कारण होय.

नायगावसारख्या ठिकाणाहून रोज लोकलने कामावर जाणाऱ्या तरुणाच्या दृष्टीने दंडाची रक्कम ही खरी शिक्षा नसते. न्यायालयाच्या तारखांमुळे बुडणारी मजुरी, चारित्र्य पडताळणीत दिसणारी नोंद आणि त्यामुळे हुकणारी नोकरी ही खरी शिक्षा ठरते. बेकारी आणि अपमान ही दोन्ही व्यसन वाढविणारी कारणे आहेत. म्हणजे ज्या सवयीपासून दूर ठेवण्यासाठी शिक्षा दिली, त्याच सवयीकडे ती परत ढकलते.

विरोधी मतांचा विचार :
निरपराधीकरणाला होणारा विरोध केवळ परंपरावादातून येतो असे मानणे अन्यायाचे ठरेल. पहिला आक्षेप असा की शिक्षेची भीती गेली तर किशोरवयीन मुलांत सेवन वाढेल. वाढत्या वयात गांजाचे नियमित सेवन आणि मनोविकार यांचा संबंध वैद्यकीय अभ्यासांतून पुढे आला आहे, त्यामुळे ही चिंता रास्त आहे. दुसरा आक्षेप तपासाचा. लहान गिऱ्हाइकाकडूनच पोलीस मोठ्या विक्रेत्यापर्यंत पोहोचतात. तो दुवा तुटेल. तिसरा आक्षेप असा की विक्रेते माल अल्प प्रमाणांत विभागून स्वतःला सेवन करणारे म्हणवतील. चौथा आक्षेप पदार्थांच्या बदलत्या स्वरूपाचा. गांजाबाबतचे युक्तिवाद मेफेड्रोनसारख्या कृत्रिम उत्तेजकाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. हेरॉइनच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन व मेथाडोन यांसारखी पर्यायी औषधे आहेत. मेफेड्रोनसाठी तसे प्रस्थापित पर्यायी औषध नाही.

या आक्षेपांमुळे निरपराधीकरणाचा विचार बाद होत नाही, पण त्याला अटी जोडल्या जातात. पदार्थानुसार वेगळे धोरण, वजनाबरोबर हेतूचाही निकष आणि अल्पवयीनांसाठी स्वतंत्र व्यवस्था या त्या अटी होत. गिऱ्हाइकाकडून मिळणारी माहिती त्याला आरोपी न करता साक्षीदार म्हणूनही मिळू शकते, हेही येथे नमूद करावे लागेल.

महाराष्ट्राचा स्वतःचा अनुभव :
परदेशांकडे पाहण्यापूर्वी राज्यातील दारूबंदीकडे पाहणे उपयुक्त ठरते. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडीच्या झाडांवरील कर व परवाने कडक केले. ताडीवर उपजीविका असणाऱ्या किनारपट्टीवरील समाजांना त्याची झळ पोहोचली. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ नंतर एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. तिच्या काळात चोरट्या भट्ट्या आणि त्यावर पोसलेली गुन्हेगारी वाढली आणि १९६० च्या दशकापासून बंदी टप्प्याटप्प्याने शिथिल झाली. आजही तो कायदा रद्द झालेला नाही आणि मद्यपानासाठी परवाना लागतो, हे अनेकांना ठाऊकही नसते. बंदी शिथिल झाल्याने प्रश्न संपला असेही नाही. जून २०१५ मध्ये मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये आलेली दारूबंदी २०२१ मध्ये उठविण्यात आली. याउलट गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी टिकून आहे आणि २०१६ पासून 'मुक्तिपथ' उपक्रमाद्वारे तिला गावपातळीवरील संघटन व उपचार यांची जोड देण्यात आली. बंदी असो वा मोकळीक, तिच्या पाठीशी समाज आणि दवाखाना नसेल तर ती कागदावर राहते, असा या अनुभवाचा अर्थ लावता येतो.

उपचारांच्या क्षेत्रातही महाराष्ट्राने स्वतःची वाट शोधली आहे. १९८० च्या दशकात 'गर्द' म्हणजे ब्राउन शुगरने शहरी तरुणांना ग्रासले. डॉ. अनिल अवचट यांनी त्यावर लेखन केले आणि १९८६ मध्ये डॉ. सुनंदा व डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्रे येथे सुरू केलेल्या कृपा फाउंडेशनचे कार्य वसईपर्यंत पोहोचले आहे. या संस्थांनी व्यसनाधीन व्यक्तीला 'रुग्णमित्र' मानले. कायद्याने 'आरोपी' म्हटलेल्या माणसाला समाजाने 'मित्र' म्हणण्याचा हा प्रयोग कायद्याच्या कितीतरी आधी झाला, ही बाब उल्लेखनीय आहे.

परदेशांतील प्रयोग :
पोर्तुगालने जुलै २००१ पासून सर्व अमली पदार्थांचे सुमारे दहा दिवसांच्या गरजेइतके वैयक्तिक प्रमाण बाळगणे फौजदारी गुन्ह्यातून वगळले. पकडलेली व्यक्ती न्यायालयाऐवजी एका समितीसमोर जाते आणि समिती तिला उपचारांकडे वळविते. इंजेक्शनद्वारे सेवन करणाऱ्यांतील एचआयव्हीचा नवा संसर्ग त्यानंतर मोठ्या प्रमाणात घटला. अमेरिकेतील ओरेगन राज्याने २०२० मध्ये जनमत घेऊन असाच निर्णय केला आणि तो फेब्रुवारी २०२१ पासून अमलात आणला. तेथे शिक्षा आधी गेली, उपचारांचा निधी मागाहून आणि विलंबाने पोहोचला. त्यातच फेंटानिलची लाट आली. सार्वजनिक ठिकाणच्या सेवनाविरुद्ध असंतोष वाढला आणि सप्टेंबर २०२४ पासून पदार्थ बाळगणे पुन्हा गुन्हा ठरले. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा निषिद्ध यादीतून काढला आणि २०२५ मध्ये तो पुन्हा वैद्यकीय चिठ्ठीपुरता मर्यादित केला.

पोर्तुगाल व ओरेगन यांच्या कायद्यांतील मूळ कल्पना जवळपास सारखी होती. फरक क्रमाचा होता. एकाने दवाखान्याचे दार उघडून मग तुरुंगाचे दार बंद केले. दुसऱ्याने तुरुंगाचे दार आधी बंद केले.

भारतापुढील प्रश्न :
सामाजिक न्याय मंत्रालयासाठी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे ३.१ कोटी लोक भांग, गांजा वा चरस यांचे आणि सुमारे २.२६ कोटी लोक अफूजन्य पदार्थांचे सेवन करीत होते. मद्यसेवन करणाऱ्यांची संख्या सुमारे १६ कोटी होती. बेकायदेशीर पदार्थांवर अवलंबून असलेल्या सुमारे वीस व्यक्तींपैकी एकीलाच रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळाले होते. वादातील सर्वांत महत्त्वाचा आकडा हाच म्हणावा लागेल. उरलेल्या एकोणीस जणांसाठी कलम ६४-अ मधील संरक्षण हे दार नसलेल्या घराच्या किल्लीसारखे आहे. अल्प प्रमाणात पदार्थ बाळगणे गुन्हा न मानता सक्तीच्या उपचारांची तरतूद करावी, अशी शिफारस सामाजिक न्याय मंत्रालयाने २०२१ मध्ये केल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले होते. तिचे कायद्यात रूपांतर झालेले नाही.

समारोप :
वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. उत्पादक व विक्रेते यांच्याविरुद्धची कठोर कारवाई आणि सेवन करणाऱ्याविषयीची सहानुभूती या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. नालासोपाऱ्यातील शेकडो किलोंच्या साठ्यासाठी पोलीसच हवेत, आणि एका पुडीसाठी आधी डॉक्टर हवा. कलम ६४-अ चे संरक्षण व्यसनाधीन नसलेल्या, प्रथमच आढळलेल्या व्यक्तीलाही मिळावे. वजनाच्या मर्यादेत सेवन व विक्री यांतील भेद स्पष्ट व्हावा. मात्र या सर्वांच्या आधी तालुका व महानगरपालिका पातळीवर मान्यताप्राप्त, परवडणारी आणि गोपनीयता राखणारी उपचार केंद्रे पुरेशा संख्येने असावीत. ही पूर्वतयारी नसेल तर ओरेगनची पुनरावृत्ती होईल.

सेवन गुन्हा असावे की नसावे, याचा अंतिम निर्णय संसदेचा आहे. परंतु मुलाच्या खिशात पुडी सापडलेल्या नायगावातील कुटुंबाला त्याच संध्याकाळी निर्भयपणे कोणाकडे जाता येईल, या प्रश्नाचे उत्तर त्या निर्णयाची वाट पाहू शकत नाही. कायद्याची कसोटी त्या कुटुंबाने पहिले पाऊल किती लवकर उचलले यावरच लागणार आहे.